खुणेचा दिवा

१

श्रीमंतनं तो दिवा मधल्या खोलीत बसवला, त्या संध्याकाळी घरात सणासारखी धांदल होती.

केडगावात पुणे रस्त्याच्या अंगाला त्यांचं विटांचं घर होतं. पुढं ओसरी, मग मधली खोली, मागं स्वयंपाकघर, आणि परसात न्हाणी. घरात माणसं चारच. श्रीमंत, त्याची बायको मुक्ता, शाळेत जाणारी मुलगी चांगुणा आणि श्रीमंतची म्हातारी विधवा आत्या, गोजरबाई. श्रीमंत नगरला माळीवाड्यातल्या एका दुकानात विहिरीवरच्या मोटारी भरायचा. जळालेल्या मोटारीतली तार काढायची, नवी गुंडाळायची आणि मोटार पुन्हा चालती करायची. हात इतका हलका की गुंडाळीवर बोट फिरवलं तर रेशमाच्या लडीवर फिरवल्यासारखं वाटावं.

त्या साली पाऊस झालाच नाही. आधी कोरड्या विहिरींत चालून मोटारी जळाल्या, तेव्हा दुकानात जेवायला उसंत नव्हती. मग विहिरींत ओलसुद्धा उरली नाही, आणि मोटारी यायच्याच बंद झाल्या. वीजही दिवसातून केव्हाही जायची. धरणात पाणी नाही तर वीज कुठली, असं लोक म्हणायचे. श्रीमंत रिकाम्या दुकानात बसून बसून काहीतरी विचार करायचा आणि घरी येऊन जेवताना बोलायचा.

"पानी रांजनात दिसतं. जवारी कनगीत दिसती. कमी झाली की हात आपसूक आखडतो. ईज कुठं दिसती? दिसत न्हाई म्हनून मानूस उधळतो."

"मग काय करायचं म्हनता?" मुक्तानं विचारलं.

"दिसंल असं करायचं."

आणि त्यानं केलं. पाटीएवढी एक लाकडी पेटी, आत लोखंडाच्या पट्ट्यांवर गुंडाळलेली तांब्याची तार, आणि पेटीच्या तोंडाशी बॅटरीतला चिमुकला दिवा, लाल रंग दिलेला. घरात येणारी सगळी वीज त्या पेटीतून जाणार होती. जास्त जाळली तर दिवा फुलणार, कमी जाळली तर मिणमिणणार, काहीच जाळलं नाही तर विझणार. ओसरीतून पाहा की चुलीपुढून, नजर त्याच्यावर जायचीच, अशा जागी त्यानं तो ठोकला.

"चांगुने, लाव एकेक," श्रीमंत म्हणाला.

चांगुणानं पळत जाऊन ओसरीचा बल्ब लावला. लाल ठिपका उमटला. मग स्वयंपाकघरातला, मग रेडिओ, मग इस्त्री. दिवा प्रत्येक वेळी थोडा वर चढत गेला. शेवटी विजेची शेगडी लावली, तेव्हा तो असा पेटला की सगळी भिंत लाल झाली. गोजरबाईनं तोंडावर हात धरला.

"बया! येवढं जाळतो व्हय आपन?"

श्रीमंत हसला. लग्नापासून आजवर मुक्तानं त्याला इतकं समाधानानं हसताना पाहिलं नव्हतं.

त्यानंतर कुणाला काही सांगावं लागलं नाही. बल्ब उगाच चालू राहिला की लाल डोळा भिंतीवरून बघायचा आणि कुणाचा तरी हात बटणाकडे जायचा. शेगडी माळ्यावर गेली. स्वयंपाक दिवस मावळायच्या आत होऊ लागला. चांगुणानं अभ्यासाची बैठक खिडकीशी हलवली. गोजरबाईला तर खेळच सापडला होता. कमरेवर हात ठेवून ती या खोलीतून त्या खोलीत फिरायची, बटणं बंद करायची आणि दिवा उतरला की टाळी वाजवायची. शेजारची लंकाबाई बघायला आली, दोन-चारदा बटणं खालीवर करून तिनं खात्री करून घेतली आणि म्हणाली, "आमच्या मालकाला बी सांगते. आमच्यात नुसती उधळन हाय."

मुक्ताला अभिमान वाटला. वाईट काळात आपलं घर शहाणं झालं, असं तिला वाटलं.

२

एका दुपारी मुक्ता टँकरवरून हंडा भरून आली. सकाळपासून वीज नव्हती. रस्त्यापलीकडची पिठाची गिरणी बंद होती, आणि तिचा घरघराट नसला की केडगाव कसं कान दडपल्यासारखं वाटायचं. बाहेरच्या उन्हातून ती मधल्या खोलीत आली तेव्हा डोळ्यांपुढं नुसता अंधार होता. हंडा खाली ठेवून ती पदरानं मान पुसत उभी राहिली, आणि अंधार विरळ होत गेला तसा तिला भिंतीवर लाल ठिपका दिसला.

आत्याबाईंनी बल्ब चालू ठेवला, असं तिच्या मनात आलं. ती बटणाकडे गेली. बटण बंद होतं. मग तिच्या लक्षात आलं की वीजच नाही.

तिनं बटण खाली केलं, वर केलं. काही नाही. ओसरीतलं, स्वयंपाकघरातलं बटण बघितलं. रेडिओची वायर भिंतीतून काढून ठेवलेली होती. दारात येऊन तिनं लंकाबाईला हाक मारली, "ईज आली का वो?"

"कुठली! सकाळी गेलीया ती गेलीच."

ती परत आत आली. दिवा होता तिथंच होता. राखेखाली इंगळ असावा तसा. कोपऱ्यात गोजरबाई वाकळेवर झोपली होती आणि तोंड उघडं टाकून घोरत होती. मुक्ता दिव्याकडे बघत राहिली. तो स्थिर नव्हता. किंचित फुलत होता, किंचित ओसरत होता. पुन्हा फुलत होता. बऱ्याच वेळानं तिला कळलं की आपण दिव्याकडे बघतोय, पण ऐकतोय म्हातारीचं घोरणं, आणि दोन्हींचा ठेका एकच आहे. तिनं तो विचार लगेच झटकून टाकला. उन्हातून आलेल्या माणसाला काय काय दिसतं.

श्रीमंत घरी आला तेव्हा तिनं सांगितलं. तोवर वीज आली होती. त्यानं सगळी बटणं बंद केली. दिवा मिणमिणत राहिला.

"गुंडाळीत उरलेली ईज आसंल," तो म्हणाला. पण त्याचं त्यालाच पटलं नाही. तो ओसरीत गेला, मेन स्विच खाली ओढला, फ्यूज उपसून हातात घेतले आणि परत येऊन दिव्यासमोर उभा राहिला. आता घरात विजेचा थेंब येणं शक्य नव्हतं. दिवा तसाच.

श्रीमंतनं मान वळवली. आधी आत्याकडे बघितलं, मग मुक्ताकडे, मग चांगुणाकडे. एखादी बिघडलेली मोटार कुठून धरावी हे ठरवताना बघायचा तसं.

"चांगुने, जरा भाईर जाऊन हुभी ऱ्हा. रस्त्यापतुर जा."

चांगुणा गेली. श्रीमंत दिव्यावरची नजर न हलवता थांबला. मुक्ताला काही कळेना.

"ये आत," त्यानं हाक मारली. आणि चांगुणा उंबरा ओलांडून आत आली तसा तो मान डोलवून हलकेच 'हं' म्हणाला. फ्यूज परत बसवले. हात धुतले.

"काय झालं वो?" मुक्तानं विचारलं.

"काय न्हाई. वाढ."

३

मुक्ता मिरजगावची. कोरडवाहू रानात वाढलेली बाई, भुताखेतांना घाबरणारी नव्हे. भीती वाटली की ती वस्तू हातात घेऊन बघायची, तिची लहानपणापासूनची सवय. घरात कुणी नसताना तिनं बघायचं ठरवलं.

गिरणीचा भरवसा नव्हता म्हणून घरात जातं पुन्हा मांडलं होतं. रेशनवर मिळालेली लाल मिलो ज्वारी दळायला ती बसली. मेन स्विच तिनं स्वतः खाली ओढला होता. पहिला फेर फिरला आणि दिवा चढला. ती थांबली, दिवा उतरला. जमीन हादरते म्हणून, सैल तार हलते म्हणून, अशी तिनं मनाची समजूत घातली आणि दळणाच्या ओघात नेहमीची ओवी ओठांवर आली. दिवा ओवीसोबत वर वर जायला लागला. सुरावर तिचा आवाज लांबला तसा तो उजळला आणि शेवटच्या शब्दाला खाली आला.

ती उठली. स्वयंपाकघराच्या पार टोकाला, चुलीमागच्या भिंतीला पाठ लावून उभी राहिली. तिथून दाराच्या चौकटीतून दिवा दिसत होता. तिनं श्वास कोंडून धरला.

दिवा बारीक झाला.

छाती फुटायला आली तेव्हा तिनं श्वास सोडला, आणि तिकडे दिवा भसकन वर आला.

त्या दिवशी श्रीमंत घरी आला तेव्हा तिनं त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

"तो दिवा काढून टाका."

श्रीमंत कोट खुंटीला लावत होता. "तुला बी कळलं म्हन की."

"तुमाला कवा कळलं?"

"त्याच दिशी." तो खाली बसला. आवाजात राग नव्हता, भीतीही नव्हती. "काढून काय हुईल, मुक्ते? आपलं जळायचं थांबनार हाय व्हय? फकस्त दिसायचं थांबंल."

त्याचं म्हणणं खोटं आहे असं मुक्ताला छातीवर हात ठेवून म्हणता आलं नसतं.

श्रीमंतनं घरात कधी कुणावर हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. यापुढंही त्यानं तसं काही केलं नाही. चांगुणा परसातून पळत आली की तो दिव्याकडे बघायचा आणि मऊपणानं म्हणायचा, "हळू, बाळा." गोजरबाई बटणं बघत फिरायला उठली की म्हणायचा, "आत्या, पडून ऱ्हा की. कशापायी फिरती?" एवढंच. पण प्रत्येकाची नजर आता आधी दिव्याकडे जायची, मग हात उठायचा. हसू यायचं तेव्हासुद्धा. लंकाबाईच्या नवऱ्याची काहीतरी फजिती सांगता सांगता चांगुणा एकदा खदखदून हसली, भिंत लाल झाली, आणि पोरीनं चोरी सापडल्यासारखा ओठ चावला.

मुक्तानं दळताना ओव्या म्हणायचं सोडलं. सोडायचं असं तिनं ठरवलं नव्हतं. एक दिवस तिच्या लक्षात आलं की बऱ्याच दिवसांत आपण गायलो नाही.

४

गोजरबाईनं सगळ्यांत चांगलं शिकून घेतलं. ती वाकळेवरून उठेनाशी झाली. आधी पडून राहायची, मग कूस बदलणं सोडलं, मग बोलणं. भाकरी पुढं केली की मान हलवायची. चावायला लागतं, असं एकदा म्हणाली. मुक्तानं भाकरी कण्यांसारखी कुस्करून पाण्यात कालवली आणि चमचा ओठांशी नेला.

"आत्याबाई, दोन घास घ्या. अंगात काय ऱ्हायलं न्हाई तुमच्या."

म्हातारी दिव्याकडे बघून हसली. दात नसलेल्या तोंडानं, लहान मुलासारखं. "बघ मुक्ते. माज्यानं तर काहीच पेटत न्हाई आता."

मुक्तानं नगरच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी नाडी बघितली, डोळ्यांखालची कातडी ओढून बघितली. दुष्काळात म्हाताऱ्या माणसांचं असंच होतं, असं म्हणून ताकदीचं औषध दिलं. जाता जाता ते मधल्या खोलीत थबकले. "हा दिवा कसला?"

"ईज वाचवायला केलाय, साहेब," श्रीमंत म्हणाला. "किती वापरली ते कळतं."

"वा! घरोघर पाहिजे असा." डॉक्टर मोठ्यानं बोलत होते आणि दिवा त्यांच्या आवाजासरशी भडकत होता. श्रीमंत ओशाळून दाराकडे बघत होता, पाहुणा कधी जातोय म्हणून.

त्यानंतरची एक तिन्हीसांज. मुक्ता चुलीपुढं बसली होती. चांगुणा खिडकीशी, पुस्तक मिटून मांडीवर घेतलेली. श्रीमंत भिंतीला टेकून. कुणी हलत नव्हतं. बोलत नव्हतं. मुक्तानं सवयीनं मान वळवली आणि बघितलं, तर दिवा उतरला होता. रोज असायचा त्यापेक्षा बराच खाली.

तिला बरं वाटलं.

आधी बरं वाटलं. काम चांगलं उरकल्यावर वाटतं तसं, अगदी आतून. त्या बरं वाटण्यात ती थोडा वेळ बसून राहिली. मग ती उठून वाकळेकडे धावली. गोजरबाईचे डोळे उघडे होते. हात अजून कोमट होता.

"अवो, आत्या गेल्या!" ती किंचाळली.

श्रीमंत आणि चांगुणा, दोघांनी वर बघितलं. तिच्याकडे नाही. दिव्याकडे. तिच्या किंचाळण्यानं तो झगझगीत पेटला होता.

५

तेराव्याला भाऊबंद येऊन गेले. माणसांनी घर भरलं होतं तोवर दिवा सारखा लाल पेटलेला होता, आणि श्रीमंत डोकं दुखल्यासारखा डोळे मिटून ओसरीत बसला होता. लोकांना वाटलं, आत्याचं दुःख. आईविना वाढलेला तो, आत्यानंच सांभाळलेला.

पाहुणे गेले त्या दुपारी मुक्तानं वरवंटा उचलला आणि दिव्यावर घातला. काचेचा चुरा झाला. पेटीची फळी फुटली, आतली तार बाहेर लोंबली. तिला वाटलं, आता सगळं सुटलं. ती मुद्दाम पाय आपटत घरभर फिरली. पातेली आदळली. गायली.

दुसऱ्या दिवशी टँकरवरून आली तेव्हा भिंतीवर लाल ठिपका होता. फळीला खिळा ठोकलेला, तार आत गुंडाळलेली, नवा दिवा.

श्रीमंत दुकानात गेलेला होता. खिडकीशी चांगुणा बसली होती. तिच्या बोटांना लाल रंग लागला होता.

"तू लावलास?"

चांगुणानं मान हलवली. फार थोडी, जितकी हलवावी लागेल तेवढीच.

"का गं, चांगुने?"

"दिवा नसला की भ्या वाटतं, आई." पोरगी ओठ न हलवल्यासारखं बोलत होती. "आपन किती जळतोय ते कळत न्हाई."

मुक्ता तिच्यापुढं बसली. पोरीची हनुवटी वर केली. चेहरा इतका बारीक झाला होता की आपण रोज बघत असून हे आपल्याला कधी दिसलंच नाही, याचं तिला नवल वाटलं. ती स्वतः रोज दिव्याकडेच बघत होती.

"शाळंत का जात न्हाईस?"

"नगरपतुर चालायला लई जळतं."

मुक्तानं त्याच दिवशी पिशवी भरली. श्रीमंतला सांगितलं, मिरजगावला भाऊ आजारी आहे. खोटं होतं. श्रीमंतनं कसलीच चौकशी केली नाही.

"जावा," तो म्हणाला. "दोगी बी गेला म्हंजे..." तो भिंतीकडे बघत होता, लांबच्या प्रवासाहून आलेला माणूस अंथरुणाकडे बघतो तसं.

६

मिरजगावला मुक्ताच्या भावाच्या, सहादेवच्या घरात वीज नव्हती. कंदील होता आणि चूल होती. घराभोवती भेगाळलेलं रान, त्यात वाळलेल्या बाभळी. सहादेव तलावाच्या दुष्काळी कामावर माती वाहायला जायचा. त्याची बायको कडूबाई घर आणि तीन पोरं बघायची. पोरं म्हणजे नुसता कालवा. सारखी भांडायची, सारखी भूक लागायची, सरकारी खाऊ, सुकडी, वाटायला गाडी आली की नागडीउघडी पळत सुटायची. कडूबाई त्यांच्यावर ओरडून ओरडून घसा बसवून घेई. मुक्ता ओट्यावर बसून तो कालवा ऐकायची आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं. तिला वाटायचं, ऐकतच राहावं.

चांगुणा आधी गप्प बसून असायची. मग धाकट्याला मांडीवर घ्यायला लागली. एकदा मुक्तानं तिला पोरांच्या कानात काही सांगताना बघितलं आणि तिला हायसं वाटलं. पोर माणसांत येतेय.

तेवढ्यात केडगावहून निरोप आला. लंकाबाईनं कुणाबरोबर तरी सांगून पाठवलं होतं की दार उघडंच असतं आणि मालक काही दिसत नाहीत.

मुक्ता सकाळच्या एस.टी.नं निघाली. पोचली तेव्हा टळटळीत दुपार होती. गिरणी चालू होती. रस्त्यावर माणसं होती, सायकली होत्या. घराचं दार लोटलेलं होतं. ती ओसरीत उभी राहिली आणि तिथूनच तिनं मधल्या खोलीत डोकावून बघितलं. भिंतीवर दिवा नव्हता, म्हणजे असणार, पण पेटलेला नव्हता. मुळीच नाही.

म्हणजे घरात कुणी नाही, हे तिच्या मनानं ताबडतोब ठरवलं. श्रीमंत दुकानात गेला. किंवा कुठंतरी निघून गेला. तिनं उंबरा ओलांडला.

तिच्या पावलानं दिवा उजळला, आणि त्या उजेडात तिला दिसलं की आत्याच्या कोपऱ्यात कुणीतरी बसलं आहे.

श्रीमंत भिंतीला पाठ लावून बसला होता. गुडघे जवळ घेतलेले, हात गुडघ्यांवर. सदरा तोच, ती गेली त्या दिवशीचा. त्याच्या खांद्यापासून भिंतीपर्यंत कोळ्यानं जाळं विणलं होतं, आणि जाळ्याचा एकही धागा तुटलेला नव्हता. मुक्ताला वाटलं, गेला. तिचं तोंड उघडलं. ती त्याच्याजवळ वाकली, मनगट धरलं. ते गार नव्हतं. ऊनही नव्हतं. भिंतीला हात लावावा तसं लागलं.

मग श्रीमंतचे डोळे फिरले.

ते तिच्यापर्यंत आले नाहीत. तिच्या खांद्यावरून मागं, भिंतीवरच्या लाल उजेडाकडे गेले, आणि त्याच्या कपाळावर एक बारीक आठी उमटली. झोपलेल्या माणसाच्या तोंडावर कुणी कंदील धरावा, तशी. त्याला तिचा त्रास होत होता.

मुक्तानं मनगट सोडलं. ती मागं मागं सरकत उंबऱ्याबाहेर आली. दिवा उतरत गेला आणि विझला. कोपरा काळा झाला. तिथं कुणी आहे हे माहीत असूनही तिला आता तिथं कुणी दिसेना.

रस्त्यावर लंकाबाई उभी होती. "हायेत का वो आत?"

आत आहे असं म्हटलं तर लोक येतील. डॉक्टर येतील, उचलतील, हाका मारतील. आणि त्यानं काय होईल? तिनं त्याचं मनगट धरलं होतं. तिला माहीत होतं.

"न्हाईत," मुक्ता म्हणाली, आणि तिनं दाराला कडी घातली.

७

परतीच्या एस.टी.त ती खिडकीशी बसली. सांगायचं काय आणि कुणाला, हेच तिला ठरवता येईना. एक मात्र तिनं ठरवलं. चांगुणा उरली आहे. पोरीला केडगावला कधी न्यायचं नाही. मिरजगावलाच राहायचं, सहादेवबरोबर तलावाच्या कामावर जायचं, दगड वाहायचे, माती वाहायची. पोरीला पोटभर खाऊ घालायचं, उन्हात हिंडू द्यायचं. भांडू द्यायचं.

मिरजगावला उतरली तेव्हा ऊन कलत होतं. पायवाटेनं ती झपाझप निघाली. घर दिसायला लागलं, जवळ आलं. बाभळीखाली पोरांची भिंगरी पडली होती. भाऊ अजून कामावरून आला नव्हता. ओट्याजवळ ती आली तेव्हा आपल्याला आपल्याच वहाणांचा आवाज ऐकू येतोय, हे तिला जाणवलं.

दारात कडूबाई उभी होती. तिनं ओठांवर बोट ठेवलं, आणि तिचा चेहरा आनंदानं फुलला होता.

"आक्का, तुमच्या लेकीनं जादू केली बघा," ती कुजबुजली. "कदी न्हाई ती पोरं गप बसली हायेत. सकाळपास्नं. भूक लागली म्हनून सुदिक कुनी उठलं न्हाई. घरात दाना न्हाई हो आक्का, मला तर देवच पावला."

मुक्ता तिला बाजूला सारून आत गेली.

पोरं भिंतीशी ओळीनं बसली होती. पाय जवळ घेतलेले, हात गुडघ्यांवर. मधोमध चांगुणा, तिच्या मांडीवर धाकटा. समोरच्या भिंतीवर काही नव्हतं. शेणानं सारवलेली मातीची भिंत, खुंटीसुद्धा नाही. सगळ्यांचे डोळे त्या भिंतीवर एकाच जागी लागलेले होते.

"चांगुने!" मुक्तानं हाक मारली. तिला ओरडायचं होतं. आवाज बारीक निघाला.

कुणी वळलं नाही. धाकट्याची छाती जरा वर झाली, तसा चांगुणानं तिच्यावर पंजा ठेवला. छाती खाली गेली आणि लवकर वर आली नाही.

मुक्ता गुडघ्यांवर बसली. धाकट्याला तिनं पोरीच्या मांडीवरून ओढून घेतलं. त्याचं अंग नेहमीपेक्षा हलकं लागलं. तिनं त्याला हलवलं, गालावर चापट मारली. मग त्याच्या मांडीचं मांस बोटांत धरलं आणि होतं नव्हतं तेवढं बळ लावून चिमटा काढला. नखं रुतली. कातडीवर रक्ताचा थेंब आला. रड, ती मनात म्हणत होती, रड रे लेकरा, एकदा रड.

पोरानं डोळे तिच्याकडे वळवले. हळूहळू कपाळावर एक बारीक आठी आली.

दारातून कडूबाई बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ती हसत होती.

"बघितलं, आक्का? रडत सुदिक न्हाई आता."